दारी आलेले मांजर

अबुल फझलच्या 'ऐन-इ-अकबरी'त बादशाही हत्ती, घोडे, उंट आणि खेचरे यांचा रोजचा खुराक प्रतवारीने नोंदवून ठेवला आहे. शिकारी चित्त्यांचीही हजेरी त्या ग्रंथात लागलेली आहे. इ. स. १६०१ च्या जानेवारीत असीरगड अकबराच्या हाती आला आणि आपले बऱ्हाणपूर मोगलांच्या खानदेश सुभ्याचे मुख्य ठाणे झाले. त्यानंतर कित्येक वर्षे ही सारी मोजलेली-मापलेली जनावरे तापीच्या काठाने येत-जात राहिली. पण त्यांच्या दाण्याच्या कोठारांभोवती रात्रभर जागणाऱ्या मांजराच्या नावे त्या ग्रंथात स्वतंत्र आईन नाही. त्याला सरकारी खुराक कोणी लावून दिला नाही. पोटाची सोय त्याची त्यालाच पाहावी लागली.

मांजर हा काय दिवाळी अंकात लिहिण्याचा विषय झाला, असे काही वाचकांना वाटेल. परंतु दिवाळीशी त्याचा चांगलाच संबंध आहे. लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांनी बिथरलेली मांजरे वाट फुटेल तिकडे पळत सुटतात, आणि पाडव्याच्या सकाळी कुणाच्या जिन्याखाली, कुणाच्या माळ्यावर एखादे अनोळखी मांजर मुक्कामाला आलेले आढळते. ते भित्रे नसले, पायांत घोटाळू लागले, की घरात लगेच दोन तट पडतात. मुले म्हणतात ठेवून घेऊ, आजी म्हणते हाकलून द्या. कर्त्या माणसाला काय करावे ते सुचत नाही. गेली तीस वर्षे इतिहास शिकवताना माझे असे मत झाले आहे की, या प्रश्नाचा विचार आपल्या मुलखातल्या लोकांनी पूर्वीच पुष्कळ केलेला आहे. तो कोणत्या एका पोथीत लिहिलेला नाही. थोडा मराठीत आहे, थोडा हिंदीत, थोडा शेजारच्या मोहल्ल्यात, आणि थोडा इंग्रज डॉक्टरांच्या कागदांत.

आधी नावाचे पाहू. आपल्यासारख्या दुभाषी मुलखात एक गंमत रोज तोंडातून जाते आणि ध्यानात येत नाही. संस्कृतात या प्राण्याला दोन नावे प्रसिद्ध आहेत: मार्जार आणि बिडाल. मराठीने पहिले घेतले, त्याचे मांजर झाले. हिंदीने दुसरे घेतले, त्याची बिल्ली झाली. गुजरातीतली बिलाडीही त्याच घरची. मार्जार हा शब्द 'मृज्' म्हणजे स्वच्छ करणे या धातूवरून आला असे व्याकरणकार सांगतात, कारण हा प्राणी सदान्‌कदा अंग चाटून साफ करीत असतो. बिडालाच्या वाट्याला मात्र बदनामी आली. ढोंगी माणसाला मनुस्मृतीने 'बैडालव्रतिक' म्हटले. पंचतंत्रात ससा आणि कपिंजल पक्षी यांचा तंटा सोडवायला बसलेला दधिकर्ण बोका दोघांनाही खाऊन टाकतो. तिकडे दक्षिणेत महाबलिपुरमच्या सातव्या शतकातील शिल्पात एक मांजर हात वर करून तप करीत उभे आहे आणि त्याच्या पायाशी उंदीर गोळा झाले आहेत. आमच्या घरी मराठीतून 'मांजर' म्हटले की डोळ्यांपुढे चुलीजवळचे मुटकुळे येते, आणि हिंदीतून 'बिल्ली' म्हटले की ती रस्ता कापते! दोन भाषा बोलणाऱ्या घरात एकाच जनावराला असे दोन स्वभाव चिकटतात. (बोका मात्र या दोन्ही घराण्यांतला वाटत नाही. तो शब्द ऐकला की कानडीतला 'बेक्कु' आठवतो.)

माणसाची आणि मांजराची गाठ पडली ती धान्यामुळे. सायप्रस बेटावर शिलुरोकाम्बोस येथे सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या दफनाशेजारी, हातभर अंतरावर, मांजर पुरलेले सापडले. फ्रेंच संशोधकांनी ते २००४ साली प्रसिद्ध केले. सायप्रसमध्ये रानमांजरे मुळात नव्हती. म्हणजे कुणीतरी ते मांजर होडीतून नेले असले पाहिजे. जनुकांच्या अभ्यासातूनही पाळीव मांजराचे मूळ पश्चिम आशियातल्या आणि उत्तर आफ्रिकेतल्या रानमांजरात निघते. आपल्या बाजूचा पुरावा सिंधमधल्या चान्हुदडोचा. १९३५-३६ मध्ये मॅके यांनी तेथे उत्खनन केले. तेथल्या एका विटेवर मांजराच्या पावलाचा आणि त्यावर कुत्र्याच्या पावलाचा ठसा आहे. वीट ओली असताना पुढे मांजर आणि मागे कुत्रे असा पाठलाग झाला, आणि साडेचार हजार वर्षांपूर्वीची ती धावपळ भट्टीत भाजली जाऊन कायम राहिली. वर्गात हे सांगितले की शेवटच्या बाकावरची मुलेसुद्धा मान वर करतात.

या मैत्रीचा पाया काय, हे महाभारताने फार मोकळेपणाने सांगितले आहे. शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला पलित नावाच्या उंदराची आणि लोमश नावाच्या मांजराची गोष्ट सांगतात. मांजर पारध्याच्या जाळ्यात सापडलेले, उंदरावर मुंगसाची आणि घुबडाची नजर. दोघे तेवढ्यापुरते मित्र होतात. पारधी अगदी जवळ येईपर्यंत उंदीर जाळे कुरतडून पुरे करीत नाही, आणि सुटका झाल्यावर मांजराने कितीही गोड बोलून बोलावले तरी बिळाबाहेर येत नाही. गरजेपुरती मैत्री गरज संपली की संपते, हे त्याला पुरते ठाऊक आहे. माणसाची गोष्ट थोडी वेगळी झाली. कणग्या गेल्या, पेवे गेली, गव्हाचे पीठ पिशवीतून येऊ लागले. तरी मांजर येतेच आहे आणि आपण दार उघडतोच आहोत.

आता आमच्या गल्लीतली हकीकत सांगतो. पाच-सहा वर्षांपूर्वी पाडव्याच्या दिवशी आमच्या जिन्यात एक पांढरी-करडी मांजरी आली. अंग स्वच्छ, डोळे निर्मळ, माणसाची सवय असलेली. धाकटीने तिचे नाव लगोलग मनी ठेवले. सौभाग्यवतींचे म्हणणे असे की, ज्या जनावराला पाटाजवळ बसायची रीत माहीत आहे ते बेवारस नसते. दोन दिवस गल्लीत विचारपूस केली. कुणी ओळख दाखविली नाही. मग तिने मऊ सुती दोरी घेतली आणि मांजरीच्या गळ्यात सैलसर बांधली. सैल म्हणजे दोन बोटे सहज आत जातील इतकी, आणि कुठे अडकली तर झटक्याने तुटेल इतकी कच्ची. तिला एक चिठ्ठी अडकवली. चिठ्ठी कोणत्या भाषेत लिहायची यावर आमच्या घरात छोटीशी परिषद भरली. शेवटी एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला हिंदी असे ठरले: ही मांजरी कुणाची आहे? आमच्याकडे सुखरूप आहे.

मांजरी दुपारी गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत आली. गळ्यात नवी चिठ्ठी. वहीच्या पानाच्या तुकड्यावर शाळकरी अक्षरात हिंदीत लिहिले होते की ही आमची आहे, नाव चाँदनी, पटाख़ों से डर गई थी. आणि खाली एक ओळ वेगळ्या शाईने: दूध मत दीजिए, पेट ख़राब होता है. पुढे कळले की दोन गल्ल्या पलीकडे, जिथे दिवसभर पॉवरलूमचा खडखडाट चालतो, तिथल्या एका घरातली ती. घरात एक वृद्ध आजी एकटीच दिवसभर असे. सून, मुलगा कामावर. मांजर गेल्यापासून तिने दोन दिवस धड जेवण घेतले नव्हते. चिठ्ठी नातवाने लिहिली, दुधाची ओळ आजीने सांगितली. मोठ्या मांजरांना दूध पचत नाही हे खरेच आहे, लहानपणी पचवण्याची शक्ती पुढे कमी होते. पण आपल्याकडे गोष्टींतल्या प्रत्येक मांजरापुढे दुधाची वाटी असते, त्यामुळे कुणी मानत नाही. साधे पाणी, आणि द्यायचेच तर मीठ-मसाला नसलेले थोडे अन्न, एवढे पुरते.

त्या घरी मी पुढे गेलो, चहा झाला. आजींनी मला एक गोष्ट सांगितली, ती मी नंतर जाणकारांना विचारून पक्की करून घेतली. पैगंबरांचे एक सहाबी अबू कतादा वजू करीत असता मांजर पाण्याशी आले. त्यांनी भांडे कलते केले आणि त्याला पिऊ दिले. पाहणाऱ्या सुनेला नवल वाटले, तेव्हा त्यांनी पैगंबरांचा दाखला दिला: मांजर अपवित्र नाही, ते घरांतून फेऱ्या घालीत राहणाऱ्यांपैकी आहे. हदीसच्या संग्रहांत ही कथा आहे. त्याच परंपरेत दुसरी कथा एका बाईची. तिने मांजर बांधून ठेवले, खायला दिले नाही आणि आपले आपण शोधून खायला सोडलेही नाही. त्याबद्दल तिला नरक मिळाला. या दोन कथा शेजारी शेजारी ठेवल्या की पाहुण्या मांजराबाबतचा सारा व्यवहार उलगडतो. आले तर पाणी द्यावे, आणि कोंडू नये. बहुतेक 'हरवलेली' मांजरे हरवलेली नसतात. ती फेरीवर असतात. आपण त्यांना चार दिवस खोलीत कोंडून 'पाळले' की ती खरोखर हरवतात, आणि दोन गल्ल्या पलीकडे कुणाचे तरी जेवण तुटते.

मनीचे, म्हणजे चाँदनीचे, पुढे तसेच चालू राहिले. सकाळी आमच्याकडे, दुपारपासून तिकडे.

मराठी घरांत आणखी एक समज आहे: मांजर आपल्या पिलांना सात घरे दाखवते. याला आधार मांजराच्या वागण्यातच आहे. व्यालेली मांजरी वास, वर्दळ, बोक्याची भीती यांमुळे पिलांची जागा बदलत राहते. तेव्हा दिवाळीच्या सफाईत माळ्यावर, जुन्या गाद्यांत पिले सापडली तर घाईघाईने उचलून बाहेर ठेवू नयेत. आई बहुधा अन्नासाठी गेलेली असते आणि परत येते. एरवी लोचट वाटणारी, कपाटामागे डोकावणारी, पोट जड असलेली मांजरी दारी आली, तर ती मैत्री करायला आलेली नसून घर बघायला आलेली आहे हे ओळखावे. एखाद्या खोक्यात जुने कापड घालून कोपऱ्यात ठेवले की ती सहसा शालूंच्या पेटीकडे जात नाही.

याच पिलांची एक कथा आपल्या सीमेच्या दोन्ही बाजूंना आहे. ताहाराबादच्या महिपतींनी 'भक्तविजया'त पंढरपूरच्या राका कुंभाराची गोष्ट लिहिली. कच्च्या मडक्यात मांजर व्यालेले, ते मडके नकळत आव्यात रचले गेले आणि आवा पेटला. राकाने पांडुरंगाचा धावा केला. आवा थंड झाला तेव्हा ते एक मडके कच्चेच राहिलेले, आणि आत पिले जिवंत. उत्तरेकडे कुंभार समाजात हीच गोष्ट श्रीयादे मातेच्या नावाने सांगतात. तिथे कुंभारीण हरीचे नाव घेते आणि पाहणारा बाल प्रल्हाद असतो. नावे बदलली, देव बदलला, मडके तेच राहिले. आमच्या शाळेत दोन्हीकडची मुले आहेत आणि आपलीच गोष्ट खरी म्हणून ती भांडतात. मी निवाडा देत नाही. (निवाडा देणाऱ्या मार्जाराचे पंचतंत्रात काय झाले, ते वर आलेच आहे.)

याच्या उलट टोकाला धाक. मांजर मेले तर काशीला सोन्याचे मांजर दान करावे लागते, हे लहानपणी कोण ऐकत नाही? स्मृतींत मांजर मारल्याचे प्रायश्चित्त सांगितले आहे हे खरे. त्या धाकाचा धंदा कसा होतो हे भगवतीचरण वर्मांनी 'प्रायश्चित्त' या हिंदी कथेत दाखविले. रामूची बायको कबऱ्या मांजरीवर पाट फेकते. पंडित परमसुख एकवीस तोळ्यांच्या सोन्याच्या मांजरीपासून सुरुवात करून घासाघीस करीत अकरा तोळ्यांवर येतात. इतक्यात मोलकरीण येऊन सांगते की मांजर उठून पळून गेले. आमच्या भागातल्या मराठी मुलांना ही कथा मराठी मुलखातल्या मुलांपेक्षा जास्त पाठ असते. दुभाषी असण्याचे असे थोडे फायदेही असतात.

पण सोन्याच्या मांजराच्या भीतीने लोकांनी एक पळवाट काढली. मारायचे नाही, पोत्यात घालायचे आणि पूल ओलांडून जैनाबादच्या बाजूला सोडून यायचे. हात स्वच्छ, मन स्वच्छ. १९६० च्या पशुक्रूरता प्रतिबंधक कायद्याने या पळवाटेवर बोट ठेवले आहे. भुकेने-तहानेने हाल होतील अशा स्थितीत जनावर टाकून देणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. मुळात मांजर माणसापेक्षा जागेला धरून असते. वास आणि वाटा ओळखीच्या असल्या तरच त्याला अन्न सापडते. अनोळखी जागी आधीच्या मांजरांच्या हद्दी ठरलेल्या असतात, त्यात पोत्यातून सुटलेला हा जीव बहुधा टिकत नाही. जैनाबादची बाग ही मुमताजमहलच्या पहिल्या दफनाची जागा, इ. स. १६३१ ची. पर्यटकांना ती दाखवायची आणि तिच्याच वाटेवर पोती रिकामी करायची, हे मला पटत नाही.

आता या लेखाचा ज्यासाठी खटाटोप केला तो भाग. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात, धान्याच्या वखारींच्या वस्तीत, डॉ. आकासियो व्हिएगास या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचे रोगी ओळखले. पुढची दहा-बारा वर्षे या रोगाने महाराष्ट्र, वऱ्हाड, खानदेश पिंजून काढले. पुण्यात १८९७ च्या मार्चमध्ये प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. जूनमध्ये रँडचा खून झाला. घरे उघडी करणे, माणसे छावण्यांत नेणे, सामान जाळणे असे सगळे उपाय माणसांवर चालले होते. उंदराच्या अंगावरची पिसू हा रोग नेते, असे पॉल लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ साली कराचीत प्रयोगाने दाखवले, पण ते मान्य व्हायला आणखी सात-आठ वर्षे गेली. १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत प्लेग संशोधन मंडळाने गिनिपिगांवर प्रयोग केले तेव्हा कुठे शंका फिटली. मग उंदीर हा शत्रू ठरला आणि पिंजरे, विष, बक्षिसे सुरू झाली.

याच वेळी अमरावतीला लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू ब्यूकॅनन हे सिव्हिल सर्जन होते. १९०३ साली वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला होता. त्यामुळे अमरावती आणि आपला निमाड एकाच प्रांतात, नागपूरच्या कारभाराखाली होते, आणि १९५६ पर्यंत तसेच राहिले. लाखोळीची डाळ खाऊन पाय लुळे पडण्याच्या रोगाचा मध्य प्रांतातला अभ्यासही याच गृहस्थांचा. म्हणजे दवाखान्यात बसून न राहता लोकांच्या ताटात आणि घरात डोकावणारा माणूस. त्यांनी वऱ्हाडातल्या गावांत एक साधी गोष्ट मोजून घेतली: घरे किती आणि मांजरे किती. बादशहाच्या दफ्तरात ज्याला रकाना मिळाला नाही, त्याची खानेसुमारी अशी प्लेगच्या निमित्ताने झाली! जिथे घरोघर मांजरे आहेत तिथे प्लेगचा जोर कमी, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि १९०८ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये तो छापला. उंदीर मारायला माणसे नेमण्यापेक्षा लोकांना मांजरे पाळायला सांगा, असा त्यांचा आग्रह होता. अडीचशे वर्षांपूर्वी, १६६५ च्या प्लेगात लंडनच्या कारभाऱ्यांनी नेमके उलट केले होते. कुत्री-मांजरे रोग पसरवतात म्हणून ती मारण्याचा हुकूम काढला होता. लंडनने हाकललेला प्राणी अमरावतीने दारात बसवला.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे थांबून दोन गोष्टी तपासल्या पाहिजेत. एक, मांजर पाळणारे घर हे बहुधा धान्य नीट झाकणारे, कोपरे झाडणारेही असते. प्लेग कशामुळे टळला हे नुसत्या खानेसुमारीवरून सांगता येत नाही. दोन, मांजरालाही प्लेग होतो, आणि त्याच्याकडून माणसाला होऊ शकतो. अमेरिकेच्या पश्चिम भागात १९७७ नंतर अशा नोंदी झाल्या आहेत. ब्यूकॅनन यांना हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तरी त्यांच्या मोजणीचे मला मोल वाटते, कारण सरकार माणसांची घरे उकरत असता त्यांनी घरात आधीपासून काय नीट चालले आहे ते पाहिले. ज्या घरांनी फेरीवरच्या मांजराला हाकलले नव्हते, त्या घरांकडून एक डॉक्टर शिकायला गेला, असे वऱ्हाडात घडले.

१९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर पडू लागले, आणि सप्टेंबरात सुरतेला प्लेगचा हाहाकार झाला. आमची तापी सुरतेलाच समुद्राला मिळते, आणि आमच्या विणकरांची निम्मी नातीगोती सुरतेच्या लूमवर आहेत. मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो. भुसावळकडून येणाऱ्या गाड्यांतून तोंडाला रुमाल बांधून उतरणारी माणसे अजून आठवतात. टेट्रासायक्लिनच्या गोळ्यांसाठी दुकानांपुढे रांगा होत्या. त्या आठवड्यात गल्लीत कुणीही मांजराला काठी मारली नाही. भीती ओसरली तशा काठ्या परत आल्या.

रोगाचा विषय निघाला आहे तर पिसाळण्याचे टाळून चालणार नाही. मांजर कितीही गोड असले तरी अनोळखी मांजराने चावले किंवा ओरखडले तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हळद, चुना, मिरची यांपैकी काही लावू नये. आमच्या पिढीने पोटातल्या चौदा इंजेक्शनांची धास्ती पाहिली आहे. ती लस डेव्हिड सेंपल यांनी १९११ च्या सुमारास कसौलीला तयार केली, आणि २००४ च्या अखेरपर्यंत ती आपल्याकडे वापरात होती. आता दंडात वा कातडीत घ्यायच्या थोड्याच मात्रा असतात आणि सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळतात. तरीही 'मांजराचाच तर ओरखडा' म्हणून घरी बसणारे शिकलेले लोक मला दरवर्षी भेटतात. पाहुणे मांजर उगाच लाळ गाळीत असेल, अडखळत असेल, कारण नसता अंगावर येत असेल, तर मुलांना दूर करावे आणि गुरांच्या दवाखान्यात कळवावे.

हल्ली दारी येणाऱ्यांत लांब केसांची, चपट्या नाकाचीही दिसतात. ही जातही आपल्याला नवी नाही. पेशव्यांच्या दरबारी वकील असलेले आणि पुढे मुंबईचे गव्हर्नर झालेले एल्फिन्स्टन यांनी १८१५ च्या काबूलवरील ग्रंथात लिहून ठेवले आहे की, लांब केसांची मांजरे तिकडून मोठ्या संख्येने बाहेर जातात आणि सगळीकडे इराणी म्हणून खपतात. त्या काळी ती काफिल्यातून येत, आता जाळीच्या टोपलीतून येतात. हौस फिटली, केसांच्या गाठी झाल्या, घरभर केस होऊ लागले, की काही लोक त्यांनाही पूल दाखवतात. असे मांजर दारी आले तर ते फेरीवरचे नसते. त्याला रस्त्यावर जगता येत नाही, रोज केस विंचरावे लागतात. त्याच्या बाबतीत मात्र घरात घ्यावे, गुरांच्या डॉक्टरांना दाखवावे आणि मालकाचा शोध घ्यावा. मालक 'आमचे नाहीच' म्हणाला, तर नवे घर शोधून द्यावे.

आमच्या शाळेला लागून मिडल स्कूल आहे. तिथल्या मध्यान्ह भोजनाच्या तांदळाच्या खोलीत दोन वर्षांपूर्वी एक काळा बोका आला. आला कुठून हे कुणाला माहीत नाही. पालकांच्या बैठकीत त्यावर अर्धा तास गेला. एकाने काळ्या रंगावर आक्षेप घेतला, दुसऱ्याने पोत्यांना पडलेली भोके दाखवली. मी लंडनच्या मनिऑर्डर कचेरीची हकीकत सांगितली. तिथे १८६८ साली उंदरांसाठी तीन मांजरे रीतसर नेमली, त्यांना आठवड्याला एक शिलिंग भत्ता लावला, आणि काम चुकल्यास भत्त्यात कपात करण्याची तंबीही दिली. बैठकीत हशा झाला आणि बोका राहिला. स्वयंपाक करणाऱ्या समूहाच्या बाई मीठ घालायच्या आधी मूठभर वरणभात बाजूला काढतात. रेबीजची लस टोचून घेतली, तिचे पैसे आम्ही शिक्षकांनी वर्गणीने दिले. मुले त्याला काळू म्हणतात. उन्हाळ्याच्या सुटीत शाळा बंद असते तेव्हा तो समोरच्या पंक्चरवाल्याकडे असतो. पंक्चरवाला त्याला उस्ताद म्हणतो.